जाळ्यांच्या खोलीतली सतरा अक्षरे

रेवदंडा,
शनिवार, दोन ऑगस्ट

तीर्थस्वरूप भाऊजींस,

रघूचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढा). आपला उजवा गुडघा आता जिना चढू देतो, असे ताईकडून कळले. डाव्याबद्दल ती काही बोलली नाही, तेव्हा तोही बरा असावा. ताईने लोणचे खाणे कमी केल्याचे आपण कळवलेत, त्यावर माझा विश्वास नाही, परंतु आनंद झाला. इकडे आम्ही सर्व ठीक. सर्व म्हणजे मी आणि छपरावरची ताडपत्री.

आपण जूनमध्ये सोपवलेले काम पार पडले, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना आपला रक्तदाब जागेवर राहील. आपले चिरंजीव ऋत्विक सोमवारी पुण्यास नोकरीवर हजर होतील. हे पत्रही तेच उद्या ठाण्यास घेऊन येत आहेत. (पाकीट दोनदा चिकटवले आहे. मुलावर माझा विश्वास आहे, डिंकावर नाही.)

आता काम कसे पार पडले ते. ‘त्याला हाताला धरून त्या बँडमधून बाहेर काढ’ असा आपला आदेश मिळाला, त्याच दिवशी संध्याकाळी मी कोळीवाड्यात बोटीच्या मालकीण सोनूबाईंच्या खोलीवर गेलो. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि जाळी या खोलीत छतापर्यंत रचलेली असतात. जाळ्यांमुळे आवाज घुमत नाही, म्हणून मंडळींनी आपला अल्बम ध्वनिमुद्रित करायला ही जागा निवडली होती. वासाची सवय तिसऱ्या दिवशी होते. बँडचे नाव ‘ओहोटी’. त्या नावातच पुढची सर्व हकीकत होती, पण तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. एखादी चाल आपल्या ओळखीची होऊ लागली की ती लगेच उठून दुसऱ्या खोलीत जाते, असे त्याचे साधारण स्वरूप. अल्बममध्ये गाणी चार आहेत, पैकी एक तेवीस मिनिटांचे. (सत्यनारायणाचे दोन अध्याय तेवढ्यात होतात आणि शेवटी प्रसाद असतो.) मी गेलो तेव्हा ड्रमवर सोनूबाईंचा भाचा धर्मा होता. हा एरवी बोटीवर खलाशी आणि लग्नसराईत हळदीच्या बेंजो पार्टीत. बासवर उरणचा अल्पेश, कीबोर्डवर मनाली, आणि गिटारवर आपले चिरंजीव, ज्यांच्या डोक्यातून हे सर्व निघाले होते. तेवीस मिनिटांच्या त्या गाण्याला सतरा मात्रांचे आवर्तन. धर्मा दर वेळी अकराव्या मात्रेला पडायचा. पडायचा, शिवी द्यायचा, माझ्याकडे पाहून ‘सॉरी सर’ म्हणायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा.

मी आपला निरोप सांगण्यासाठी तोंड उघडले होते, हे शपथेवर सांगतो. परंतु चोवीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या माणसासमोर कोणी चुकत असले की त्याचे तोंड वेगळ्याच कामाला लागते. मी म्हणालो, अरे, सतरा एकदम कशाला मोजतोस, ही मंदाक्रांता आहे. चार अक्षरांवर थांब, मग सहांवर, मग सातांवर. आणि मा भा ना ता ता गा गा असे गण म्हणून दाखवले. धर्माने डोळे मिटले आणि अकरावी मात्रा पार करून थेट सतरावर उतरला. ऋत्विक एवढेच म्हणाला, “मामा, उद्या किती वाजता येशील?”

मी उद्या निरोप सांगायला जायचे ठरवले.

दुसऱ्या आठवड्यात अल्पेश गेला. त्याच्या वडिलांचे बंदरावर ट्रेलर चालतात, एक चालक न सांगता गावी निघून गेला, म्हणून हा ‘दोन दिवसांत येतो’ म्हणून स्टिअरिंगवर बसला तो अजून बसलेलाच आहे. त्याच्या जागी विनेश आला. हा अलिबागची रिक्षा चालवतो आणि सुरेख बेंजो वाजवतो. चार दिवस त्याने निमूटपणे बास वाजवला. पाचव्या दिवशी तेवीस मिनिटांपैकी चौदाव्या मिनिटाला त्याने नम्रपणे विचारले, “भाऊ, याच्यात लोक नाचतात कधी?” ऋत्विकने त्याला समजावून सांगितले. विनेशने ऐकून घेतले, बाहेर रिक्षा सुरू केली आणि तीन सीट घेऊन गेला. मग मनालीने बास घेतला, आणि कीबोर्ड रिकामा राहिला म्हणून त्यावर दोन बोटे कोणी ठेवायची असा प्रश्न आला. मी फक्त दोन बोटे ठेवली. पुढे मनालीला गणपतीच्या सुपाऱ्यांसाठी तालमीला बोलावणे आले. निघताना ती म्हणाली, “सर, राग मानू नका, तिकडे चारच मात्रा असतात, घरी वेळेवर जाता येतं.” राग कसला मानणार, मलाही हेवा वाटला.

दर वेळी माणूस गेला की ऋत्विक त्याने वाजवलेले काढून टाकी, कारण नव्याशी जुने जुळत नसे. अशा रीतीने बावन्न दिवस काम केल्यावर अल्बम सुरुवातीला होता त्याहून सहा मिनिटांनी आखूड झाला. सगळ्या ध्वनिमुद्रणात न बदललेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे मोजणीसाठी मी म्हटलेले गण. नवीन येणाऱ्याला आधार म्हणून ते ठेवले होते. पुढे पुढे ऋत्विकला ते काढवेना. त्याचे म्हणणे, तेच गाणे आहे.

परवा सोनूबाई दारात उभ्या राहिल्या. “मास्तर, ह्यो गाना कवा संपाचा? मना जाली बोटीवर न्यायची हाय.” आणि जाळी नेली. खोली रिकामी होताच आवाज देवळातल्यासारखा घुमू लागला. म्हणजे गाणे पहिल्या पंधरा मिनिटांत जाळ्यांत आहे आणि पुढे गाभाऱ्यात. ऋत्विक म्हणाला, चालेल, तो दुसरा भाग.

त्याच दिवशी मी अखेर आपला निरोप सांगितला. दीड महिना मनात घोकला होता, त्यामुळे चांगला झाला. वडिलांनी शब्द टाकून मिळवलेली नोकरी, वय, आईची काळजी, सर्व क्रमाने आले. ऋत्विकने शेवटपर्यंत ऐकले. वाद घालेल म्हणून मी तीन उत्तरे तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. “बाबांचं बरोबर आहे,” एवढेच तो म्हणाला, आणि कपडे भरायला गेला. भाऊजी, एवढ्या सहज जिंकण्याची मला सवय नाही.

असो. कार्य सिद्धीस गेले आहे. ताईस नमस्कार. गुडघ्यास जपावे.

आपला आज्ञाधारक,
रघू

ता. क. : ऋत्विक निघाल्यावर ‘ओहोटी’त मूळचा माणूस म्हणून धर्मा तेवढा उरतो, आणि मूळचा नसलेला मी. येत्या शुक्रवारी नारळी पौर्णिमा. नारळ वाहिल्याशिवाय सोनूबाई बोट सोडू देत नाहीत, म्हणून धर्मा तोवर जमिनीवर आहे. त्यानंतर तो डिसेंबरपर्यंत कोणाच्या हाती लागणार नाही. गाण्याची शेवटची तीन मिनिटे राहिली आहेत. त्यांत गिटार आहे आणि ती मला येत नाही (प्रयत्न करून पाहिला). तरी नोकरी या सोमवारऐवजी पुढल्या सोमवारी सुरू झाल्यास कंपनी बुडेल काय, याची आपण ज्यांच्याकडे शब्द टाकलात त्यांच्याकडे चौकशी करावी.

ता. क. दुसरा : आपल्या शिवणयंत्राखाली आमच्या वडिलांची वाजवायची पेटी आहे. ऋत्विक परत येणार असल्यास त्याच्याबरोबर पाठवावी. कीबोर्डला वास लागला आहे.

ता. क. तिसरा : गिटार तो येथेच विसरला, असे आपल्याला सांगेल. विसरण्यापूर्वी त्याने ती तीन चादरींत गुंडाळून माझ्या कपाटाच्या वर, ताडपत्री गळत नाही तेथे ठेवली आहे. हे पत्र आपल्या हाती देऊन तो अजून समोरच उभा असेल. गिटारशिवाय त्याचे हात कसे राहिले आहेत ते एकदा पाहावे, आणि मग मला फोन करावा.