तीन क्रौंचांचा लोप

भिवंडी

प्रिय दिनेश,

पत्राचा आरंभ तक्रारीने करतो, कारण ती मी साऱ्या भिवंडीत करून चुकलो आणि कुठेही दाद लागली नाही. गेले चार महिने तुझ्या वहिनीने माझ्या ताटाची डावी बाजू वाढणं बंद केलं. चटणी नाही, कोशिंबीर नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर नवरा डावलला जातो म्हणतात, तो असा, शब्दशः. मी मानी माणूस, तिच्यापाशी मौन पाळलं. देवकीनेही पाळलं. ताट उचलताना ती माझ्याकडे क्षणभर बघत राहते, त्याचं कारण मी विचारलं नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि मला हे एका दमात सांगायचं आहे.

शाळेतला संस्कृतचा वर्ग बंद झाल्यापासून मी काल्हेरच्या गोदामात सामानाच्या याद्या लिहितो, हे तुला ठाऊक आहे. तू नातेवाइकांत ‘दादा लॉजिस्टिक्समध्ये असतो’ असं सांगतोस, तेही मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात मुंबईच्या एका जुन्या सूतव्यापारी घराण्याचा बंगला विकला गेला आणि सगळं सामान आमच्याकडे आलं. त्यात एक जपानी पडदा. कापडाचा नव्हे रे, सहा उंच चौकटी, कागदाच्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, घडी घालता येणाऱ्या. दोनशे वर्षांपूर्वीचा. सोन्याच्या वर्खावर रंगवलेले क्रौंच. (गोदामात सगळे बगळे म्हणतात. मी दुरुस्त करणं सोडलं.) सपाट केला तर पडतो, नागमोडी दुमडला तरच उभा राहतो. त्याच्या जपानी नावाचा अर्थ वारा अडवणारा, असं सोबतच्या चिठ्ठीत होतं. आमचे मॅनेजर गुलाम हुसेन म्हणाले, “मास्तर, हा उजवीकडून डावीकडे वाचायचा. आमच्या उर्दूच्या बाजूने!”

मी वाचला. खोक्यांच्या गर्दीत एकाच जागी उभं राहून, वर्गात हजेरी घ्यायचो तसा, मान न हलवता. आठ क्रौंच भरले. बंगल्यातल्या जुन्या यादीत अकरा होते. डावीकडे शेवटी नुसतं सोनं, स्वच्छ. पुन्हा मोजले, पुन्हा आठ. मग माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘तीन पक्षी खरवडून काढल्याचे दिसते.’ दिसते!

पडदा ट्रकमधून जान्याने उतरवला होता. वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरचा हमाल, बारा वर्षं इथे आहे. त्याला त्याच दुपारी घरी पाठवलं. जाताना एवढंच म्हणाला, “गुरुजी, मी त्या पाखरांना हात बी न्हाय लावला.” मी यादी मिटली.

तिसऱ्या दिवशी त्याची मुलगी रोशनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती आमच्याकडेच पॅकिंगला आहे. “चला गुरुजी, मोजून दावा,” म्हणाली. मी मोजले. ती शेजारून बोट लावत आली. आठवर मी थांबलो, तिचं बोट थांबलं नाही. कोऱ्या सोन्यावरून ते पुढे गेलं. “नऊ. दहा. ह्यो अकरा, ह्याचा एक पाय वर हाय.” पोरगी थट्टा करतेय असं वाटून मी रागाने मान डावीकडे, तिच्याकडे वळवली, आणि दिनेश, सोन्यातून क्रौंच निघाला. तिच्या बोटाखाली, एक पाय वर. मान परत फिरवली, क्रौंच गेला. मागे सोनं राहिलं, आणि कुठे सांधाही दिसेना.

रोशनी भांडायला आली होती, ती भांडायची थांबली. हळूच म्हणाली, “गुरुजी, तुमाला न्हाय का दिसत?”

चूक माझी, असं मी लिहून दिलं. जान्या दुसऱ्या दिवशी कामावर आला. न बोलता माझ्यासाठी चहा आणला आणि पेला नेमका माझ्या उजव्या हाताशी ठेवला. मला त्या पेल्याची फार भीती वाटली.

घरी येऊन जेवताना मी ताट गर्रकन फिरवलं. चटणी होती. कोशिंबीर होती. लिंबाची फोड होती. देवकी म्हणाली, “रोज वाढतेय. वाटलं, तुमचा काही राग आहे माझ्यावर.”

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, डावीकडे जास्त. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. कडेचं आधी जातं, आणि मोकळ्या जागेत मन शेजारचा रंग भरून टाकतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. सोन्याशेजारी सोनं. रस्त्याशेजारी रस्ता. व्याकरणातला लोप तुला कधी कळला नाही. अक्षर गेलं तर गेलं, म्हणायचास. अरे, लोप म्हणजे न दिसणं. अक्षर असतं, आपलं कामही करतं. हे मी पंचवीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि अर्थ आता काल्हेरच्या नाक्यावर कळतो आहे. रस्ता रिकामा दिसला की मी मान डावीकडे वळवून पुन्हा बघतो. ट्रक असतो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. बाबा आठवतात? जेवणाआधी ताटाशेजारी चित्राहुतीची शितं ठेवून झाल्यावरही ते ताटाच्या कडेने बोटं फिरवत राहायचे. आपल्याला ती धर्मनिष्ठा वाटायची. तू त्यांची नक्कल करायचास आणि मी हसायचो. दिनेश, ते कोशिंबीर शोधत होते. डॉक्टरांनी मला विचारलं, वडिलांना होता का, भाऊ आहे का. मी हो म्हणालो, आणि गेल्या दिवाळीतली पंगत आठवली. तू माझ्यासमोर बसला होतास. जेवून उठलास तेव्हा तुझ्या ताटाची डावी बाजू जशीच्या तशी होती. नागपूरला जाऊन लाडावलास, असं मी तेव्हा म्हटलं. कोशिंबीर तुला आवडली नव्हती, एवढंच असू दे. पण उद्याच्या उद्या डोळे तपासून घे आणि मला कळव. माझी भीती आता रोजची झाली आहे, तिच्याशी जमवून घेईन. तुझ्या त्या ताटाची भीती मला सोसत नाही.

तुझाच,
दादा