माझा अलार्म उगाच वाजत नाही

२ मार्च, चहाआधी
नवा नियम आलाय. म्हणे फायर अलार्मचं काम करायला इलेक्ट्रिशियनचं लायसन्स पुरत नाही, वेगळं अ‍ॅक्रेडिटेशन हवं. आधी लेखी परीक्षा, मग आपण केलेलं एखादं काम बघायला तपासनीस येणार. महिनाअखेर त्याचं कार्ड दाखवलं नाही, तर माझ्याकडचं वृद्धनिवासाचं देखभालीचं काम दुसऱ्याला जाणार. हे मला सांगतात! ज्याचे केस वायरिंगमध्ये पांढरे झाले त्याला!
संकल्प: रोज पहाटे एक तास अभ्यास.

३ मार्च
पहाट वेळेवर झाली. मी झोपलो होतो. अर्धवट झोपेत वाचलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून पूर्ण झोप घेतली.

५ मार्च
मेहुणा येऊन गेला. हिचा धाकटा भाऊ. माझ्याच हाताखाली शिकला, आता स्वतःचा धंदा आहे. त्याने तयारीच्या कोर्सला नाव घातलंय. भाऊजी, तुमचंही घालू का, बरोबर जाऊ, म्हणाला. ज्याला पक्कड धरायला मी शिकवलं त्याच्या शेजारी बाकावर बसू? वेळ नाही म्हटलं. दुपारभर आडवा होतो, पण विचार चालू होते.

९ मार्च
पुस्तक आणलं. धूर ओळखणारा डिटेक्टर भिंतीपासून किती लांब हवा, यावर एक अख्खा धडा. छत काय आम्हाला दिसत नाही?
हिने प्रश्न विचारले. उत्तरं बरीच चुकली. पुस्तक जुनं असणार. हिने पहिलं पान उघडून वर्ष दाखवलं. यंदाचंच निघालं. मग छपाईच्या चुका असणार.

१४ मार्च
लेखी झाली, निकालही लगेच लागला. काठावर पास. लागतात त्यापेक्षा जास्त मार्क मिळवून करायचंय काय? मेहुणा पहिला आला. घोकंपट्टी, दुसरं काय.

१५ मार्च
तपासणीला कोणतं काम दाखवायचं ते आपणच ठरवायचं. डोळे झाकून वृद्धनिवास लिहिलं. खोल्याखोल्यांतले डिटेक्टर मी स्वतः बसवलेत. तेव्हापासून एकही खोटा अलार्म नाही. मेहुण्याने काम केलेल्या हॉटेलात टोस्ट करपला तरी बोंब होते आणि बंबवाले येऊन शिव्या घालतात. माझ्या अलार्मला पोच आहे.
दर वर्षीची तपासणीही मीच करतो. पॅनेलवर हिरवा दिवा असला की सही. सासूबाई तिथेच राहतात. आमच्या जावयाचं काम आहे, असं येईल त्याला सांगतात.

२१ मार्च
तपासनीस बाई आल्या. डब्यातला नकली धूर डिटेक्टरखाली सोडला. शांतता. मी म्हटलं, खरा-खोटा धूर त्याला कळतो. बाई हसल्या नाहीत. पुन्हा धूर, पुन्हा शांतता. मग शिडी मागवून स्वतः वर चढल्या आणि डिटेक्टरवरची पांढरी प्लॅस्टिकची टोपी काढून माझ्या हातात दिली. रंगकाम चालू असताना आत धूळ जाऊ नये म्हणून ती असते. काम संपलं की काढायची. टोपी असेल तर धूरही आत जात नाही.
पुढच्या खोलीत टोपी. त्याच्या पुढच्या खोलीत टोपी.
आता पांढऱ्या छतावर पांढरी टोपी कोणाला दिसणार? शिवाय काम संपलं हे रंगाऱ्याने मला कळवायला नको?

२२ मार्च
नापास. अपील करणार. मुद्दा बिनतोड आहे: इतकी वर्षं होऊनही डिटेक्टर नवेकोरे, आत धुळीचा कण नाही. याचे मार्क कुठे गेले?
मसुदा हिला वाचून दाखवला. ही अर्ध्या जेवणातून उठून गेली.

२४ मार्च
काम मेहुण्याला मिळालं. त्याचा फोन आला. कार्ड नसलेला माणूस कार्डवाल्याच्या देखरेखीखाली काम करू शकतो, असं नियमात आहे. तेव्हा भाऊजी, उद्या टोप्या काढायला येता का? टोमणा एकही नाही. ते जास्त लागलं.
डायरी बघून सांगतो म्हटलं. बघितली. उद्याचं पान कोरं आहे.

२५ मार्च
गेलो. सासूबाईंच्या खोलीत डिटेक्टर बरोबर पलंगाच्या वर. चढलो, टोपी काढली. त्या पलंगावर बसून बघत होत्या. सगळं त्यांच्या कानावर गेलेलं होतं. आज बोलणी बसणार म्हणून दोन उत्तरं तयार ठेवली होती.
त्या म्हणाल्या, "मागे इथलं स्वयंपाकघर पेटलं होतं. सगळे आरडाओरडा करत बाहेर पळाले. मी नाही उठले. म्हटलं, खरंच काही असतं तर जावईबापूंचा अलार्म वाजला असता."
दोन्हीपैकी एकही उत्तर चालणार नव्हतं. फार लाज वाटली. शिडीवरून खाली उतरवेना.
बाहेरून मेहुण्याने विचारलं, भाऊजी, झालं का?
तोंडातून निघून गेलं, हो साहेब.