धाकट्याची हजेरी

४ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेच्या मुलांना घेऊन गायनाच्या स्पर्धेला परगावी होतो. परतलो तोवर दफन होऊन गेलं होतं. ती बोच आहेच, त्यात आता स्मरणसभेत मी बोलावं असं तू म्हणतेस.

बोलायला पुष्कळ आहे गं. लढाईवरून आलेला माणूस एका खोलीत, एका शिवणयंत्रावर तंबू शिवायला बसतो आणि म्हातारपणी अख्ख्या कारखान्याचा ‘कप्तान’ होतो. बायबलातले प्रेषितसुद्धा तंबूच शिवायचे, हे बाबा गिऱ्हाइकांनाही ऐकवायचे. लढाईत गळक्या तंबूत त्यांचा सोबती तापाने गेला, म्हणून आपला तंबू गळता कामा नये ही त्यांची शपथ. नवा तंबू अंगणात उभारून वरून नळीने पाणी सोडायचं आणि स्वतः आत खुर्ची टाकून, रविवारचा पांढरा सदरा घालून शास्त्र वाचत बसायचं! सदऱ्यावर थेंब पडला की कारागिरांची धडगत नसे. आपण दोघं बाहेर तोंड दाबून हसायचो.

पण माझ्या मनात जे आहे ते सभेत शोभणार नाही. कारखाना नको, मला गाणं शिकवायचंय, असं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते की मी बोलावणं धाडणार नाही, घरच्या हजेरीत ज्याचं नाव आहे त्याला आमंत्रण लागत नाही. मीही हट्टाला पेटलो, बोलावतील तेव्हाच जाईन म्हटलं. आईच्या वेळी येऊन गेलो तेव्हाही आम्ही तोंडदेखलंच बोललो. शेवटच्या आजारात त्यांनी एका शब्दाने कळवलं असतं तरी धावत आलो असतो. नाही कळवलं. इतका मी त्यांच्या मनातून उतरलो होतो.

आत्याला सलाम. रागावू नकोस, माया आहे तशीच राहू दे.

तुझा
धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी चिडले, मग रडले. आता जे लिहिते ते मला स्वतःला परवाच कळलंय. बसून वाच.

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी बाबा घरातही लष्करासारखी हजेरी घ्यायचे, ते तू विसरला नसशील. तू गेल्यावरही तुझं नाव त्यांनी त्यातून काढलं नाही. मी सासरी गेले तरी माझंही नाही. ‘मोठी’ म्हणायचे, आत्या माझ्या वतीने सासरी आहे म्हणून सांगायची. मग ‘धाकटा’ म्हणायचे आणि थांबायचे. आत्या म्हणते, ते थांबणं तिला सोसवत नसे. गेल्या वर्षी त्यांची नजर गेली, कानही मंदावले, तेव्हा तिने आपल्या कटिंगमास्तरांना गळ घातली. ते रोज कारखाना बंद करून किल्ल्या द्यायला वर येतातच. एका संध्याकाळी तुझं नाव निघालं आणि मास्तर दारातून ‘हजर’ म्हणाले. तुझ्या गाण्याच्या गळ्याशी त्या घोगऱ्या आवाजाची काय बरोबरी! पण बाबांना खरं वाटलं. त्या दिवशी प्रार्थना लांबली आणि बाबा पोटभर जेवले. मग आत्याला माघार घेता येईना.

मी त्यांना म्हणाले होते, धाकट्याला बोलावून घ्या. ते हसून म्हणाले, रोज संध्याकाळी येतो त्याला बोलवायचं कशाला? मला वाटलं, म्हातारपणी भ्रम झाला. मी अधिक विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आत्याला ते सांगायचे की तो येतो पण माझ्याशी बोलत नाही, संकोचत असेल, तू त्याला टोकू नकोस, फक्त त्याची खुर्ची जरा जवळ सरकव. अधूनमधून पुन्हा सांगायचे, अजून जरा जवळ. मास्तर त्या खुर्चीवर एकदाही बसले नाहीत. परवा त्यांनीच मला हे सगळं रडत सांगितलं.

आत्यावर चिडू नकोस, ती निम्मी झाली आहे. सभा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. ये. तुला आमंत्रण लागत नाही.

तुझी
ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

सुखरूप पोचलो. सभेत माझ्याकडून दोन वाक्यांपुढे काही झालं नाही. गाणं शिकवणाऱ्याचा गळाच ऐनवेळी बसला, म्हणून तू मला चिडवलंस ते बरं केलंस.

संध्याकाळी तू हजेरी घेतलीस. ‘धाकटा’ म्हणालीस, मी श्वास घेतला, तेवढ्यात सवयीने मास्तरांच्याच तोंडून ‘हजर’ निघून गेलं. बिचाऱ्यांनी जीभ चावली, आत्याने पदर तोंडाला लावला. मी हसलो खरा, पण तिथेही मला उशीरच झाला होता, ताई. बाबा वर्षभर माझा अबोला समजून घेत बसले आणि मी इथे त्यांच्या बोलावण्याची वाट पाहत होतो.

तुम्ही सगळे खाली चहाला गेलात तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेलो होतो. खुर्ची सरकत सरकत पलंगाला टेकली आहे, तू पाहिलीच असशील. तिच्यावर बसलो. बसल्या जागेवरून उशीपर्यंत हात पोचतो. ‘हजर’ म्हटलं, पण हळू. मग आठवलं, बाबांना कमी ऐकू येतं. पुन्हा मोठ्याने म्हटलं.

आत्याला सांभाळ आणि रोजच्या हजेरीतून माझं नाव काढू नकोस.

तुझा
धाकटा