हिवाळ्यात न चालणारा चष्मा

आई, तुझा चष्मा अजून माझ्याजवळ आहे. आज तो ड्रॉवरमधून काढून समोर ठेवलाय आणि बरीच वर्षं टाळलेलं लिहायला बसलोय.

सिंदी मेघेतली आपली भाड्याची खोली. हिवाळ्यात सकाळी तुझी बोटं आखडायची, सुईत दोरा जायचा नाही. तू अंगणात कपाशीची वाळकी पऱ्हाटी पेटवून हात शेकायचीस, आत येऊन शिलाई मशीनवर जरा वेळ बसायचीस, की परत बाहेर. आत पेटवावी तर धुरानं गिऱ्हाइकांची ब्लाउजपिसं काळवंडणार. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे अकलेचा ठेका माझ्याकडे. मी म्हणालो, धूर अंगणातच संपू दे, नुसते निखारे घमेल्यात घालून आत आण, वरून मूठभर कोळसे टाक. ऊब टिकावी म्हणून खिडकीच्या फटींत मीच रद्दी कोंबली, खळ लावून. "धूर नाई तं मंग कायचा तरास?" असं म्हणत तू शेजारणीला बोलावून ते घमेलं दाखवलंस. माझ्या हुशारीचं तुला किती कौतुक!

थोड्याच दिवसांत तुझं सुरू झालं. "मशीनवर बसली का डोकं जड पडते रे. मळमळते." मी पुस्तकातून मान वर न करता सांगितलं की तुला चष्मा लागलाय. शिष्यवृत्ती आली तेव्हा करूनही दिला. तो लावून तू आरशात लाजली होतीस. पुढच्या हिवाळ्यात एकदा तू म्हणालीस, "उन्हाळ्यात बरा चालते हा. हिवाळ्यात काऊन नाई चालत रे?" आणि मी तुझ्यावर खेकसलो, "चष्म्याले का ऋतू असते, आई? नीट लावत नसशील तू!" त्यानंतर तू कधी तक्रार केली नाहीस. तू गेलीस ती वेगळ्याच दुखण्यानं, म्हणून मला कुणी काही विचारत नाही. पण तुझ्यावर खेकसलो त्याच वर्षी परीक्षेच्या पेपरात अपुऱ्या ज्वलनाचं समीकरण मी बरोबर लिहिलं होतं गं. निखाऱ्यातून काय निघतं ते मला पाठ होतं.

आता माझी नोकरीच ती आहे. हवेतला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कुठून आला, ते मी शोधतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि वाऱ्यावर तो आठवडेच्या आठवडे फिरतो. सोबत आलेले दुसरे वायू आणि वाऱ्याची दिशा पाहून ठरवायचं, हा ट्रकचा, हा कारखान्याच्या धुराड्याचा, हा दूर कुठे पेटलेल्या जंगलाचा, हा शेतात जाळलेल्या पऱ्हाटीचा. शेकडो मैलांवरून आलेला मला ओळखता येतो.

या हिवाळ्यात रोहण्याला एका घराच्या ओसरीवर आमचं हवा तपासायचं यंत्र ठेवलंय. रोज सकाळी त्याचा आकडा चढे, बाहेर मात्र धुराचा मागमूस नाही. यंत्र बिघडलं असं समजून मी गेलो. आतल्या खोलीचं दार ढकललं तर खिडकी बंद, घमेल्यात निखारे, आणि शेजारी एक म्हातारी तूर निवडून राह्यली होती. मी दार सताड उघडलं, धावत जाऊन खिडकी उघडली. ती रागावली, "थंडी येते ना बाप्पा! धूर कुठी हाय?" मी तिथंच उंबऱ्यावर बसलो.

मग तिला सगळं समजावलं. डोकं कशानं दुखतं, उन्हाळ्यात का थांबतं, घमेलं बाहेर का ठेवायचं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरी झालतं का असं कोनाले?"

मी म्हणालो, "नाई. ऐकलं होतं एका बाईचं."

हा कागद चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवतोय. पुढच्या आठवड्यात यंत्र आणायला जायचंय. तेव्हा तरी तिला खरं सांगेन असं लिहिणार होतो, पण आई, मला नाही वाटत माझ्यानं होईल.