हिरव्या माकडाचा दहावा

आबा, तुमच्याशी भांडायचं राहून गेलं. तुम्ही जाऊन जन्म लोटला, तरी आज पुन्हा डोकं भणभणलंय. गंगाखेडच्या अलीकडचं आपलं गाव, रझाकारांची भीती सरून पाच-सहा वर्षं झालेली. मारुतीच्या पारावरचं म्हातारं माकड कुत्र्यांनी फाडलं. तुम्ही त्याला भजन म्हणत पुरलंत, दहाव्याला डोकं भादरून आलात. आई म्हणाली, "मामंजी गेले तवा बी इतकं रडला न्हाईत तुमी!" तुम्ही नुसते हसलात.

त्याच पंधरवड्यात माकडं पकडणारे आले. पिंजऱ्यात भुईमुगाच्या शेंगा टाकून चार-पाच माकडं धरलेली. त्यांचा मुकादम म्हणाला, "परदेशात जायलेत. लेकरांचे पाय लुळे पडतेत ना, त्याचं औषध व्हायलंय ह्यांच्या गुर्द्यातनं." तो बोलतो आहे आणि मी दारात बसले आहे, वाळलेला उजवा पाय परकराखाली ओढून. तुम्ही माझ्याकडे बघता. मग पिंजऱ्याचं दार उपटता. "ज्याच्यासाठी डोस्कं भादरलं, त्याची भावकी कापायला देऊ व्हय?" लेकाची माकडं शेंगा सोडून बाहेर येईनात, शेवटी तुम्हीच शिव्या घालून हाकललीत. ते औषध आधीच वाळलेल्या पायाला लागू पडत नाही, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी वाटलं, तुम्ही माझा पायच रानात सोडून दिला. लय राग आला होता, आबा.

पुढे मी त्याच औषधाच्या, म्हणजे लशीच्या, प्रयोगशाळेत नोकरी धरली. काचेच्या बाटल्यांत पेशी वाढवायच्या, आफ्रिकेत 'हिरवं माकड' म्हणतात त्या जातीच्या एका माकडिणीच्या गुर्द्यातल्या, मूत्रपिंडातल्या. ती कधीच मेली, पेशी मात्र अजून वाढतायत, त्यामुळे लशीसाठी पूर्वीइतकी माकडं कापावी लागत नाहीत. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, "मग तिचा दहावा कवा करायचा?" उठते, पाणी पिते, परत येऊन बसते.

आज नातवाला त्याच लशीचा डोस पाजून आणला. आल्या आल्या जिन्यावरून धडाधडा पळाला कार्टा, आणि मी खालूनच त्याचे पाय बघत राहिले. तुमचं खरं होतं की मुकादमाचं, अजून ठरत नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठं? पण एवढं सांगते. त्या दिवशी तुम्ही मला विचारलं असतंत, तर मी मुकादमाला म्हणाले असते, घेऊन जा सगळी माकडं.