दोघींची एकच फाईल

औरंगाबाद,
८ नोव्हेंबर १९८७

चि. सौ. चारुता हिस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं, चकल्या मात्र पोचल्या नाहीत. केशवरावांनी वाटेतच संपवल्या का? विचारून ठेव. शाळेत मास्तर असले तरी माझ्या हिशेबात ते अजून धाकटे मेव्हणेच आहेत.

मी आता क्रांती चौकाच्या मागं खोली घेतली आहे. खाली सायकलचं दुकान, वर मी. यंदाही पाऊस नावालाच झाला, त्यामुळं नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. शहर मात्र वाढतंच आहे. वाळूजला कारखाने, इकडं सिडकोत घरं.

ऑफिसात टायपिस्टची कायम जागा निघाली आहे. साहेब माझं नाव द्यायला तयार आहेत, पण जन्माचा आणि जातीचा दाखला हवा. माझ्याजवळ अनाथाश्रमानं दिलेल्या शाळेच्या दाखल्याशिवाय काय आहे? म्हणून आश्रमात जाऊन आले. आपली इमारत पाडताहेत, तिथं दुकानं होणार. ऑफिस मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलंय. सेक्रेटरींनी चहा पाजला, बसलेल्या लोकांना 'ही आमची मुलगी' म्हणून कौतुकानं दाखवलं. मी माझी फाईल बघायला मागितली आणि त्यांचा चेहराच बदलला. आईवडिलांची संमती आणा, म्हणाले. मी म्हटलं, आईवडील कोण हेच तर फाईलमध्ये बघायचंय. मग म्हणाले, पालकाची आणा. माझा पालक कोण, तर संस्था. मग संस्थेनं द्यावी, म्हटलं, तर संस्थेत तशी पद्धत नाही म्हणे! बाहेर आले तेव्हा मला हसू फुटलं, चारू. रिक्षात बसल्यावर रडू आलं.

मी सोडणार नाही. समाजकल्याण खात्याकडे अर्ज करते आहे. तुझ्या सासूबाईंना आणि मामंजींना नमस्कार सांग. माया आहे ती वाढू दे.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

वेरूळ,
२० नोव्हेंबर १९८७

प्रिय ताईस,
चारूचा वाकून नमस्कार.

ताई, तुझं पत्र आलं. तुला मागंच सांगायला हवं होतं. या घरात आलेलं पत्र दुपारच्या जेवणानंतर मामंजी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात. त्यात वाईट हेतू नाही, तशी रीतच आहे. पण परवा 'जातीचा दाखला' हे शब्द वाचून ते थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. सासूबाईंनी विचारलं, की तुमची जात तर संस्थेनं लग्नाच्या वेळीच सांगितली होती ना, आपल्यातल्याच एका गरीब कारकुनाच्या मुली म्हणून? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मलाही तेवढंच सांगितलेलं.

मला इथं त्रास नाही. सोवळ्यातला स्वयंपाक माझ्याकडे दिलाय, म्हणजे किती विश्वास बघ. फक्त घराबाहेर एकटीनं जायचं नाही. विहीर आटल्यामुळं पाणीही गडी आणतो, तेव्हा तीही फेरी बंद झाली. 'हे' स्वभावानं गरीब आहेत, पण वडिलांपुढं तोंड उघडत नाहीत.

ताई, फाईल राहू दे ना. जे आहे ते बरं चाललंय. आणि लिहायचंच असेल तर शेजारच्या शैलावहिनींच्या नावानं लिही, त्या पदराआड आणून देतात. रागावू नकोस.

तुझ्याच पंखाखालची,
चारू

औरंगाबाद,
६ जानेवारी १९८८

चि. सौ. चारुता हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच.

खात्याचं पत्र संस्थेला गेलं आणि काल मला फाईल दाखवली. नक्कल करायची नाही, समोर बसून वाचायची, या अटीवर. फाईल एकच आहे, आपल्या दोघींची; त्यात नावं मात्र आश्रमानं ठेवलेलीच. बहात्तर सालच्या उन्हाळ्यात आपल्याला तिथं ठेवलं, काही आठवणार नाही एवढ्या लहान होतो आपण. वडील धोंडिबा दुष्काळी कामावर दरड कोसळून गेले. आई लीलाबाई, राहणार करमाड. धर्म बौद्ध.

चारू, कारकून वगैरे कोणी नव्हता. ती गोष्ट त्यांनी तुझ्या लग्नासाठी रचली.

 आईनं आपल्याला टाकलं नव्हतं. दुष्काळ सरेपर्यंत ठेवून घ्या, असं सांगून ती गेली होती. त्र्याहत्तरचा पाऊस चांगला झाला आणि ती न्यायला आली. आर्थिक स्थिती समाधानकारक नाही, असा शेरा मारून तिला परत पाठवलं. पुढच्या साली ती पुन्हा आली, तेव्हा मुली चांगल्या घरी दिल्या, आता त्रास देऊ नकोस, असं सांगितलं. आपण तेव्हा आत, बहुतेक प्रार्थना म्हणत होतो.

निघताना सेक्रेटरी हळूच म्हणाले, की धाकटीच्या संसाराचा विचार कर, हे तोंडातून काढू नकोस. खोटं ते बोलले, आणि आता ते सांभाळायचं मी. कायमची जागाही गेली, माझ्याकडे दाखला नाही म्हणून दुसऱ्या मुलीला घेतलं. त्याचं आता काही वाटत नाही.

मी रविवारी करमाडला जाते आहे.

तुझी,
ताई

वेरूळ,
११ जानेवारी १९८८

प्रिय ताईस,
नमस्कार.

पत्र चुलीत घातलं. सकाळपासून सोवळं नेसून स्वयंपाक करते आहे आणि प्रत्येक भांड्याला हात लावताना दचकते. माझे हात कालचेच आहेत ना ग? मग कशाची भीती वाटते?

आता काही लिहू नकोस. शैलावहिनींनाही संशय आलाय.

एवढंच कळव, आई आहे का? आणि मला ती कोणत्या नावानं हाक मारायची?

चारू

औरंगाबाद,
२ फेब्रुवारी १९८८

चि. सौ. चारुता हिस,
तुझ्या ताईचा आणि आईचाही आशीर्वाद.

आई आहे. करमाडच्या पलीकडं रोजगार हमीचं काम चालू आहे, तिथं खडी फोडत होती. मुकादमानं हाक मारली तशी डोक्यावरचा पदर सारखा करत आली. मी कोण ते अजून सांगितलंही नव्हतं. ती माझ्या हनुवटीला धरून बघत राहिली आणि म्हणाली, की गया, तू लई वाळलीस. माझं नाव गया होतं, चारू. तुझं कौतिका. पण तुला ती बारकीच म्हणते.

तिनं दुसरं लग्न केलं नाही. एक खोली आहे, दारात टँकरच्या पाण्याचा रांजण. मला तिनं भाकरी आणि झुणका करून घातला आणि स्वतः न जेवता बघत बसली. आश्रमाला ती शिव्या देईल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, की शिकलेल्या मान्सांनी सांगितलं, पोरी सुखात हायेत, म्हून इश्वास ठेवला.

तुझं सगळं तिला सांगितलं, काहीच लपवलं नाही. ती भांडी आवरायला उठली. मग म्हणाली, की पोरीच्या संसारात मी नाय येनार, पर एकदा लांबून बघू दे. महाशिवरात्रीला वेरूळला गर्दी असते, त्यात तिला घेऊन येते. मला तुमच्याकडचे ओळखतात, म्हणून मी स्टँडवरच थांबेन. तुम्ही ओट्यावर यात्रेकरूंना पाणी देता ना? ती रांगेत उभी राहील आणि पुढं जाईल. तिच्या अंगावर हिरवं लुगडं असेल. तू ओळख दाखवू नकोस. काही बिघडणार नाही, तिनं मला तसं वचन दिलंय.

जीव सांभाळ.

तुझी,
ताई

वेरूळ,
२४ फेब्रुवारी १९८८

प्रिय ताईस,
तुझ्या धाकटीचा नमस्कार.

आई स्टँडवर परत आली तेव्हा काही बोलली नसेल, याची मला खात्री आहे. म्हणून मी लिहिते. तिनं वचन मोडलं नाही, मोडलं ते मी.

ओट्यावर मी तांब्यानं पाणी घालत होते, सासूबाई मागं उंबऱ्यात बसल्या होत्या. हिरवं लुगडं दिसलं आणि मी मान खाली घातली. तिनं ओंजळ पुढं केली. मी पाणी ओतत होते आणि ती पीतच नव्हती ग, माझ्याकडे बघत होती. पाणी बोटांतून खाली चाललं होतं. दुष्काळात एवढं पाणी वाया गेलेलं बघून सासूबाई ओरडल्या, की कोण बाई आहे ती, पिते का नाही? आई घाईनं निघायला वळली. आणि माझ्या तोंडून गेलं, की ही माझी आई आहे.

रांगेतल्या बायका मागं सरकल्या. सासूबाईंनी तिला गाव विचारलं, आडनाव विचारलं. ती काहीही सांगू शकली असती. तिनं खरं सांगितलं, की आमी बौद्ध, करमाडचे. आणि हात जोडून म्हणाली, की पोरीचा काय बी गुन्हा नाय बाई, तिला कायच म्हाईत नव्हतं. मग ती गर्दीत गेली. मी पायरीपर्यंत धावले, पण मामंजींनी मला आत ओढून दार लावून घेतलं.

तेव्हापासून स्वयंपाकघर मला बंद आहे. माझं ताट मागच्या पडवीत येतं. मामंजी औरंगाबादला जाऊन सेक्रेटरींशी भांडून आले. परत आल्यावर म्हणाले, की गावात बोभाटा नको. म्हणून मला हाकलत नाहीत आणि घरातही घेत नाहीत. शैलावहिनींचं येणं बंद केलंय. 'हे' पडवीत येऊन बसतात. काल माझ्या ताटात जेवले. हे पत्र त्यांनीच टाकायचं कबूल केलंय.

आणखी एक. मला चौथा महिना आहे. पहिले महिने नीट पार पडल्यावर तुला सांगणार होते. मला माहेर नाही म्हणून बाळंतपण इथंच करायचं, असं सासूबाईंनी आधीच ठरवलं होतं. काल मी पडवीतून उठले आणि माजघरात सगळे बसले होते तिथं जाऊन सांगितलं, की पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि माझं माहेर करमाडला आहे. सातव्या महिन्यात माझी आई मला न्यायला येईल.  मामंजी पोथी मिटून उठून गेले. सासूबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, की करमाडला डॉक्टर तरी आहे का. मला ठाऊक नव्हतं. ताई, तू चौकशी करून कळव.

नंतर मला पुन्हा या घरात घेतील की नाही, 'हे' कोणत्या बाजूला उभे राहतील, काहीच सांगता येत नाही. तोवर ही पडवी आणि मी.

आईला माझा नमस्कार सांग. आणि सांग, की न्यायला येशील तेव्हा लांबून बघायचं नाही, मागच्या दारानंही यायचं नाही. ओट्यावर चढायचं आणि मोठ्यानं हाक मारायची. मी कौतिका या नावाला ओ देईन.

तुम्हा दोघींची,
बारकी