दिल्लीहून आलेला नंबर

आप्पा, काल दिल्लीहून तुमच्या त्रैमासिकाचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांच्या नोंदणीचा नंबर आला. आठ अंकी, मधे एक आडवी रेघ. राजूरच्या तुमच्या विद्यार्थ्यांनी अंक पुन्हा सुरू केलाय. मी तुमची लेक, त्यातून कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं.

असंच काम घेऊन तुम्ही एकदा केडगावला माझ्याकडे आला होतात. एसटीतून उतरून थेट स्वयंपाकघरात. मी भाकरी थापतेय, तुम्ही खुर्ची ओढून पिशवीतले अंक ओट्यावर मांडताय. कॉलेजांतले प्राध्यापक आता लेख देत नाहीत, म्हणालात. नंबर नसलेल्या अंकातलं लिखाण त्यांच्या बढतीला धरत नाहीत. "त्यांचं राहू दे गं. पण आमच्या डोंगरातल्या बाया रानभाज्यांची माहिती सांगतात, ती मी छापतो. देशाच्या यादीत तिची नोंद नको व्हायला?" मी पिठाच्या हातानेच अंक चाळला. शाई फुटलेली, पानांचे क्रमांक चुकलेले. कॉलेजात कुणी पाहिलं तर काय म्हणतील, असं मनात आलं. "ठेवा, करते," म्हणाले.

मग दर रविवारी सकाळी तुमचा फोन. "दिल्लीचं काही कळलं का गं?"

"सरकारी काम आहे आप्पा, वेळ लागतो."

तुम्ही कधी चिडला नाहीत. पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर उजव्या कोपऱ्यात बोटभर जागा कोरी सोडलीत. छापखानेवाल्याने विचारलं तर म्हणालात, "पाहुणा यायचाय." तो तुमचा शेवटचा अंक ठरला. इतकी वर्षं झाली, रविवारी चहा घेताना माझी नजर अजून फोनकडे जाते. तुम्ही तेच विचारावं, हजारदा विचारावं, असं वाटतं.

या वेळी अर्जाला अर्धा तास लागला. मुखपृष्ठ, आतलं पान, पत्ता, अंक किती महिन्यांनी निघतो, एवढंच मागतात. पंधरवड्यात उत्तर आलं. आता अंक काढणाऱ्या तुमच्या विद्यार्थ्याला फोन केला, तर म्हणाला, "ताई, सर होते तवा न्हाई दिला दिल्लीवाल्यांनी. लई वाट बघायला लावली."

मी "हो ना" म्हणाले.

आप्पा, तेव्हा मी अर्ज केलाच नव्हता. त्याला हे सांगायला आज दोनदा फोन लावला, आणि दोन्ही वेळा अंक कधी निघतोय, एवढंच विचारून ठेवून दिला.